चहा घेऊन आले तरी तेच

काही बग असे असतात की सापडले की माणूस खुर्चीत मागे रेलतो आणि दोन मिनिटं स्वतःवरच खूश होतो. हा त्यातला नाही. हा सापडला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी पँट्रीत जाऊन मशीनची ती भिकार कॉफी घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या प्यायलो, कारण डेस्कवर परत जाऊन जे वाचायचं होतं ते वाचायला नको वाटत होतं. आता बरेच महिने उलटलेत, म्हणून लिहायला बसलोय. बाहेर पाऊस आहे, पोहे खाऊन झालेत, रूममेट झोपलाय.

आधी थोडं धंद्याबद्दल. (स्टोरेजवाल्यांनी हा भाग गाळला तरी चालेल, पण मग पुढे येऊन चुका काढायच्या नाहीत :-) )

फायली एका सर्व्हरवर ठेवायच्या आणि त्या दहा-वीस-शंभर मशीन्सवर अशा दाखवायच्या की जणू त्या तिथल्याच डिस्कवर आहेत, ही नेटवर्क फाईल सिस्टीमची कल्पना. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ च्या सुमारास एनएफएस बनवलं तेव्हापासून ही वापरात आहे. सन कंपनी २०१० मधे ओरॅकलच्या पोटात गेली, एनएफएस अजून आहे. आमची कंपनी बनवते ते एनएफएस नाही, पण बरंचसं त्याच्या तिसऱ्या आवृत्तीच्या, म्हणजे १९९५ सालच्या वळणावर गेलेलं आहे. त्यातला क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याच्या मशीनवर चालतो तो तुकडा, आमच्या टीमकडे. आणि त्यातली डिरेक्टरीची कॅश माझ्याकडे. मी लिहिलेली नाही, वारसाहक्कानं आलेली. पण साडेतीन वर्षं सांभाळल्यावर "मी लिहिली नाही" म्हणायची सोय राहत नाही.

कॅश कशाला? समजा एका फोल्डरमधे ४००० फायली आहेत आणि प्रत्येक फाईलची माहिती सर्व्हरला वेगळी विचारली. एका फेरीला १ मिलिसेकंद धरला तर ४ सेकंद. ठीक आहे. पण सर्व्हर समुद्रापलीकडे असेल आणि एका फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील तर ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटं. एका साध्या एलएस कमांडला! म्हणून क्लायंट एकदा मिळालेली यादी स्वतःकडे लिहून ठेवतो. प्रश्न एवढाच की ती शिळी झाली हे ओळखायचं कसं.

हे मी घरी आईला समजावलं होतं ते असं. सोसायटीचा नोटीस बोर्ड खाली आहे आणि तू चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. तू एकदा खाली जाऊन सगळ्या नोटिसा वहीत उतरवून आणल्यास आणि वर लिहिलंस: बोर्ड शेवटचा बदलला १०:१५ ला. पुढच्या वेळी खाली जायचं नाही, इंटरकॉमवरून वॉचमनला फक्त विचारायचं, "काका, बोर्डवर शेवटचं कधी लागलं?" तो म्हणाला १०:१५, तर वही बरोबर. तो म्हणाला ११:४०, तर चप्पल घाल आणि खाली जा. बास. डिरेक्टरीची 'शेवटची बदल-वेळ' म्हणजे वॉचमनचं उत्तर. शिवाय दर मिनिटाला वॉचमनला छळायचं नाही म्हणून एकदा विचारलं की थोडा वेळ तेच उत्तर धरून चालायचं. आमच्याकडे हा वेळ ३ सेकंद. लिनक्सच्या एनएफएस क्लायंटमधे डिरेक्टरीसाठी तो ३० ते ६० सेकंद असतो, कोणी बदलला नाही तर.

आई म्हणाली, "आणि वॉचमन झोपला असेल तर?" तो वेगळा बग. असो.

तर आमच्याकडे एक टेस्टर होत्या. काँट्रॅक्टवर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मुलं लहान म्हणून मधे काही वर्षं नोकरी सोडलेली, मग परत आलेल्या. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं आणि अरे-तुरे करतात, पण मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि त्या मला सर म्हणायच्या. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं की सर नका म्हणू. त्या "बरं सर" म्हणाल्या. नाव मुद्दाम लिहीत नाही.

त्यांनी एक बग टाकला. मजकूर अर्थातच इंग्रजीत, मी मराठीत सांगतो. 'अ' मशीनवरून एका फोल्डरमधे स्क्रिप्टनं ६०० फायली भराभर तयार करायच्या. त्याच वेळी 'ब' मशीनवर दर थोड्या वेळानं एलएस करत राहायचं. शेवटी 'ब' वर ६०० दिसायला हव्यात. कधीकधी ५९८ किंवा ५९९ दिसतात. पाच-सहा वेळा चालवलं की एकदा येतं.

मी माझ्या मशीन्सवर चालवलं. चार वेळा. नाही आलं. बग बंद केला: "कॅश आहे, ३ सेकंद थांबून बघा. डिझाईनप्रमाणे."

त्यांनी परत उघडला. या वेळी जास्त तपशील. गायब होते ती नेहमी शेवटची फाईल किंवा शेवटच्या एक-दोन. मधली कधीच नाही.

हे वाचून मला खरं तर खुर्चीतून उडायला हवं होतं. मी काय केलं? मी लिहिलं की नेहमी शेवटचीच फाईल कमी पडते म्हणजे तुमच्या स्क्रिप्टच्या लूपमधे एकाची चूक असणार, तपासा. स्मायलीसकट. बग बंद.

तिसऱ्यांदा उघडला. या वेळी सोबत स्क्रिप्ट, सर्व्हरवर खरोखर ६०० फायली असल्याचा पुरावा, आणि भलामोठा मजकूर. त्या आठवड्यात रिलीज होतं. मी पहिला परिच्छेद वाचला, एकदा चालवून पाहिलं, तेही लॉगिंग सगळं चालू करून, म्हणजे क्लायंट गोगलगायीच्या वेगानं. नाही आलं. "रिप्रोड्यूस होत नाही." बंद. यानंतर त्यांनी उघडला नाही.

मार्चमधे काँट्रॅक्टवाल्यांचा आढावा होता. मॅनेजरनं एक्सेल शीट लावली. प्रत्येक टेस्टरसमोर: टाकलेले बग किती, त्यातले खरे किती, 'इनव्हॅलिड' किती. त्यांच्या नावापुढचा इनव्हॅलिडचा आकडा बाकीच्यांपेक्षा जास्त होता. त्यातला हा बग माझा, आणखी एक माझाच, उरलेले इतरांचे. मॅनेजर म्हणाला, "कोणाला काही बोलायचंय?" मी लॅपटॉपवर काहीतरी टाईप करत होतो. काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे दिले, हे मला आजही कळलेलं नाही. नोकरी जाताना पेढे?

जूनमधे एका कस्टमरकडून एस्केलेशन आलं. ॲनिमेशनचं काम करणारे लोक. त्यांच्याकडे शंभराच्या वर मशीन्स मिळून एका शॉटच्या फ्रेम्स रेंडर करतात, प्रत्येक फ्रेम एक फाईल, आणि एक वेगळं मशीन त्या गोळा करून जोडतं. जोडणाऱ्या मशीनला शेवटच्या काही फ्रेम्स दिसत नव्हत्या. तास गेला तरी नाही. कोणीतरी त्या फोल्डरमधे हातानं एक रिकामी फाईल बनवली की सगळ्या एकदम दिसायच्या. त्यांच्या ॲडमिननं वैतागून तशी स्क्रिप्टच लावून ठेवली होती. कस्टमर असा जुगाड करतो तेव्हा आपली लायकी कळते.

मला काही आठवलं नाही. खरंच. डोक्यात घंटी वाजायला पाहिजे होती, वाजली नाही.

कोड वाचायला घेतला आणि दोन दिवसांत एक सणसणीत चूक सापडली. मोठ्या फोल्डरची यादी सर्व्हर एका दमात देत नाही, तुकड्या-तुकड्यानं देतो. आणि प्रत्येक तुकड्यासोबत त्या क्षणीची फोल्डरची बदल-वेळ येते. आमचा कोड सगळे तुकडे गोळा करून शेवटच्या तुकड्यासोबतची वेळ वहीवर लिहायचा. म्हणजे आई बोर्डाचा डावा अर्धा भाग उतरवतेय, तेवढ्यात तिच्या पाठीमागे डाव्या भागातच एक नवी नोटीस लागली, ती उजवा भाग उतरवून वॉचमनला वेळ विचारते आणि वहीवर टाकते. आता वहीवर वेळ ताजी आणि यादी शिळी! पुढे कितीही वेळा विचारलं तरी वेळ जुळणारच. बरोबर पद्धत उलटी: पहिल्या तुकड्याची वेळ लिहायची. मग फार तर एक फुकटची खेप होईल, पण चुकीच्या वहीवर विश्वास बसणार नाही.

एक ओळ बदलली. पॅच गेला. मी दोन मिनिटं स्वतःवर खूश झालो. चार दिवसांनी कस्टमरचं उत्तर: कमी झालंय, गेलं नाही.

आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट वाक्य नाही. "काहीच फरक नाही" परवडलं, निदान आपण चुकीच्या जागी खणत होतो हे तरी कळतं.

मग त्यांच्याकडून नेटवर्कचा ट्रेस मागवला, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हरमधला तारेवरचा सगळा संवाद. दोन रात्री तो वाचत होतो. क्लायंट विचारतोय, फोल्डर कधी बदललं? सर्व्हर सांगतोय. क्लायंट परत विचारतोय. तेच उत्तर. मधे एक फाईल तयार झालेली मला ट्रेसमधे धडधडीत दिसतेय, आणि तरी सर्व्हरचं उत्तर तेच, जुनंच. म्हटलं सर्व्हर खोटं बोलतोय की काय.

आणि मग ते दिसलं. बदल-वेळ दोन भागांत येते: सेकंद आणि नॅनोसेकंद. नॅनोसेकंदाचा भाग एरवी काहीही चित्रविचित्र नऊ आकडे असतो. इथे ० होता. वरच्या पॅकेटमधे ०. खालच्यात ०. मी वेड्यासारखा स्क्रोल करत गेलो. हजारो पॅकेट्स, प्रत्येक वेळेच्या शेवटी शून्य.

वॉचमनच्या घड्याळाला सेकंद काटाच नव्हता!

म्हणजे असं. ७ व्या सेकंदाच्या सुरुवातीला एक फाईल बनली, फोल्डरची बदल-वेळ झाली ७. लगेच आमच्या क्लायंटनं यादी नेली, वहीवर लिहिलं ७. त्याच सेकंदात, थोडं पुढे, शेवटची फाईल बनली. बदल-वेळ? ७. आता जन्मभर विचारा, उत्तर ७. वही बरोबर, फाईल गायब. मधल्या फायली कधी गायब का होत नाहीत? कारण त्यांच्यानंतर ८ वा सेकंद येतो, नवी फाईल येते, वेळ बदलते आणि झाकलेलं पाप धुतलं जातं. शेवटच्या फायलीनंतर कोणी येत नाही.

आणि सेकंद काटा नसण्याचं कारण त्यांच्या सर्व्हरची डिस्क. एकेकाळी ती एक्स्ट-३ वर होती. पुढे एक्स्ट-४ आलं तेव्हा त्यांनी सगळं पुसून नव्यानं फॉरमॅट न करता आहे तीच पुढे चालवली. तसं करता येतं, लाखो लोकांनी केलं असेल. पण एक्स्ट-३ च्या काळातल्या डिस्कवर प्रत्येक फाईलच्या नोंदीला, आयनोडला, बऱ्याचदा १२८ बाईट्सच जागा असते. नॅनोसेकंद ठेवायला लागणारी वाढीव जागा २५६ बाईट्सच्या आयनोडमधे असते. १२८ मधे पूर्ण सेकंदच मावतात. (जुन्या फॅट फाईल सिस्टीमचं तर याहून भारी, तिथे बदल-वेळ २ सेकंदांच्या पटीत!) अशी डिस्क जोडली की नवीन लिनक्स कर्नल बूट होताना एक इशाराही देतो, की इथल्या वेळा २०३८ पर्यंतच चालतील. तो इशारा मी आमच्या लॅबमधे कितीदा तरी पाहिला होता. २०३८ ला मी या कंपनीत असणार नाही म्हणून कधी लक्ष दिलं नाही.

आमच्या लॅबमधे. कोणत्या मशीनवर?

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या सर्व्हरवर. आम्हा पर्मनंट लोकांना नवीन मशीन्स, नव्यानं फॉरमॅट केलेली, नॅनोसेकंदवाली. म्हातारा काँट्रॅक्टवाल्यांना. तो माझ्या मशीनवर न दिसलेला बग दिसणारच होता त्यांना, दिवसभर.

तेव्हा कुठे घंटी वाजली, आणि मी कॉफी प्यायला गेलो.

परत येऊन तो बंद केलेला बग उघडला. सोडून गेलेल्या माणसाचं नाव आमच्या सिस्टीममधे करड्या रंगात दिसतं. तिसऱ्या वेळचा तो भलामोठा मजकूर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. पहिल्याच परिच्छेदानंतर लिहिलं होतं: "कॅशचा ३ सेकंदांचा मुद्दा समजला. म्हणून मी ४० मिनिटं थांबले. चहा घेऊन आले तरी तेच. फोल्डरमधे दुसरी फाईल बनवली की लगेच दिसते. सर्व्हर नवीन घेतला तर येत नाही, जुन्यावरच येतं."

सगळं होतं. चाळीस मिनिटं, म्हणजे कुठल्याही टाईमआऊटचा प्रश्न मिटला. दुसरी फाईल बनवली की दिसते, म्हणजे बदल-वेळेचा घोळ. जुन्याच सर्व्हरवर, म्हणजे कुठे बघायचं ते. मला नुसतं वाचायचं होतं.

दुरुस्तीची गोष्ट त्यामानानं छोटी आहे, पण मजेशीर आहे म्हणून सांगतो. सर्व्हर बदला किंवा डिस्क नव्यानं फॉरमॅट करा असं कस्टमरला सांगता येत नाही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत यासाठी वेळेऐवजी दर बदलाला बदलणारा एक वेगळा आकडाच आहे, पण आमचं वळण तिसऱ्याचं, प्रोटोकॉल बदलायला वर्ष लागलं असतं. मग आठवलं की गिटमधेही हाच प्रॉब्लेम आहे. गिट फाईल बदलली का ते वेळेवरून ओळखतं, आणि फाईलची वेळ नि गिटच्या इंडेक्सची वेळ एकच निघाली तर तो वेळेवर विश्वास न ठेवता फाईल उघडून बघतो. म्हणजे 'फार ताज्या' वेळेवर संशय घ्यायचा.

मी तेच केलं. बदल-वेळ आत्ताच्या वेळेपासून २ सेकंदांच्या आत असेल तर ती यादी वहीत लिहायचीच नाही. झकास चाललं, आणि मग लॅबमधे सर्व्हरचं घड्याळ ५ सेकंद मागे केलं तर बग परत हजर. अर्थात! 'आत्ता' माझ्या मशीनचं, बदल-वेळ सर्व्हरची. दोन वेगळ्या भिंतींवरची घड्याळं. टीममधले एक सीनियर, जे दिवसात चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक त्यांनी माझ्यावर खर्च केलं: "अरे, त्याचं घड्याळ कशाला बघतोस, आपलंच स्टॉपवॉच लाव."

ते असं. एखादी बदल-वेळ मला पहिल्यांदा दिसली की माझं स्टॉपवॉच सुरू करायचं. स्टॉपवॉच २ सेकंद व्हायच्या आत आणलेली यादी 'कच्ची'. वापरायची, पण पुढच्या वेळी परत आणायची. २ सेकंदांनंतर मागवलेल्या यादीसोबतही तीच बदल-वेळ आली तर ती 'पक्की'. कारण तोवर सर्व्हरचा तो सेकंद नक्की उलटून गेलेला असतो, त्याचं घड्याळ कितीही पुढेमागे असो, आणि यानंतर काहीही बदललं तरी वेळ वेगळी येणारच. सर्व्हरचं घड्याळ कोणी उलटं फिरवलं तर मात्र आम्ही मेलो, तेवढं मान्य. एकूण अकरा ओळी. किंमत म्हणजे ताज्या फोल्डरसाठी एखाद-दुसरी जास्तीची खेप. म्हाताऱ्या सर्व्हरवर त्यांचीच स्क्रिप्ट रात्रभर चालवली. दर वेळी ६००.

कमिट करताना 'रिपोर्टेड बाय' मधे त्यांचं नाव घातलं. बग 'इनव्हॅलिड' वरून 'फिक्स्ड' केला. मॅनेजरला मेल लिहिली, चांगली लांब, की मार्चच्या शीटमधला हा बग खरा होता, कस्टमरला आलेला तोच, आणि चूक माझी होती. एका शब्दाचं उत्तर आलं. नोटेड.

फोन करायला आणखी तीन आठवडे घेतले. रविवारी सकाळी लावला. त्या आता सोलापुरात एका क्लासमधे मुलांना टेस्टिंग शिकवतात.

"मॅडम, तुमचा तो सहाशे फायलींचा बग..."

"शेवटची फाईलवाला ना सर? मिळाला?"

इतक्या पटकन. मी सगळं सांगितलं, १२८ बाईट्स, शून्यं, स्टॉपवॉच. त्यांनी मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग मी म्हणालो की मी तो नीट वाचलाच नव्हता, आणि त्या मीटिंगमधे मी होतो, बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही. पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

"वाटलं होतं मला," त्या म्हणाल्या. "लूप मी तीनदा तपासला होता हो. घरी नेऊन पण."

मी सॉरी म्हणालो. त्यांनी "असू दे" म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं.

"सर, आणि तो दुसरा? रिनेमवाला? तोपण तुम्हीच बंद केलेला."

हा तो दुसरा. एखादी फाईल 'ब' वर आधी विचारली, नाही म्हणून उत्तर आलं, मग 'अ' वर दुसरी फाईल रिनेम करून तिला ते नाव दिलं. 'ब' नाहीच म्हणत राहतो. मी फोनवर असतानाच मला कळलं: आमचा क्लायंट 'आहे' ची यादी एका वहीत ठेवतो आणि 'नाही' ची उत्तरं वेगळ्या वहीत. अकरा ओळी फक्त पहिल्या वहीला लागल्या आहेत.

"बघतो," म्हटलं.

दुपारी लॅपटॉप उघडला, व्हीपीएनवरून म्हाताऱ्या सर्व्हरवर गेलो आणि त्यांची रिनेमची स्क्रिप्ट चालवली. तिसऱ्या खेपेला आला.